सेकंड हँड कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज सर्व्हिसनंतर सुधारतं आणि परत पडतं, तर नेमकं कुठे बघायचं

गाडी दिसायला छान, पिकअप बरा, चेक इंजिनचा लाइट नाही, पण अ‍ॅव्हरेज काही केल्या मनासारखं येत नाही. मग एअर फिल्टर बदलून होतो, प्लग बदलून होतात, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकून होते, ऑइल बदलून होतं, एक-दोन टाक्या बरं वाटतं आणि परत जैसे थे. हे इतक्या जणांकडून ऐकलंय आणि इतक्या गाड्यांत बघितलंय की सगळं एकदा नीट लिहून काढतोय. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीत अ‍ॅव्हरेज वारंवार पडत असेल तर कारण बहुतेक वेळा चाकांपाशी असतं किंवा थर्मोस्टॅटमध्ये (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) असतं, आणि नेमकं याच दोन ठिकाणी कोणी बघत नाही, कारण डॅशबोर्डवर त्याचा लाइट लागेलच असं नाही.

पण त्याआधी मोजणी, कारण अर्धे घोळ इथेच असतात. डिस्प्लेवरचा आकडा बाजूला ठेवा. तो पेट्रोल सोडणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, काढलेला हिशोब असतो आणि बऱ्याच गाड्यांत खरं अ‍ॅव्हरेज त्यापेक्षा कमीच निघतं. टाकी टू टाकी मोजा. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप कट होतं तिथे थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, टाकी बऱ्यापैकी खाली होईपर्यंत चालवायचं, मग शक्यतो त्याच पंपावर परत पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर. आता हा कट कधी लवकर होतो कधी उशिरा, गाडी थोडी तिरकी उभी असली तरी फरक पडतो, त्यामुळे लिटरभराची चूक आरामात होते. ४० लिटर भरले असतील तर १ लिटर म्हणजे अडीच टक्के, पण १० लिटर भरून हिशोब केला तर तीच चूक सरळ १० टक्के. म्हणून थोडं थोडं पेट्रोल टाकून काढलेल्या अ‍ॅव्हरेजवर कधीही विश्वास ठेवू नका. तीन-चार टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, आणि मग भागाकार. सर्व्हिसनंतर जी एक टाकी 'बरी' जाते ना, ती खूपदा निव्वळ या चुकीमुळे बरी दिसते, किंवा त्या आठवड्यात ट्रॅफिक कमी लागलेलं असतं.

मोजणीतच अजून एक गोष्ट येते जी सेकंड हँड गाडीत हमखास सुटते, ती म्हणजे टायरचा साइज. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर कंपनीने दिलेला साइज लिहिलेला असतो, तो आणि टायरवर छापलेला साइज जुळतो का बघा. समजा स्टिकरवर २१५/६० आर१६ आहे, त्याचा व्यास साधारण ६६४ मिमी होतो. आधीच्या मालकाने १७ इंची अलॉय लावून २१५/६० आर१७ घातले असतील तर व्यास होतो ६९० मिमी, म्हणजे जवळपास ४ टक्के जास्त. चाक एका फेरीत आता जास्त अंतर कापतंय पण मीटरला ते कळत नाही, तो जुन्याच हिशोबाने किलोमीटर मोजतो. म्हणजे गाडी खरंच १५ देत असेल तरी तुम्हाला १४.४ च्या आसपास दिसणार. हा कागदावरचा तोटा झाला, वर मोठं चाक जड असतं आणि ते पळवायला जास्त ताकद लागते तो खरा तोटा वेगळाच. लांबच्या सरळ रस्त्यावर मोबाइलचं जीपीएस आणि गाडीचा ट्रिप मीटर शेजारी शेजारी लावून २०-३० किलोमीटर जा, फरक किती टक्के आहे ते कळेल, मग प्रत्येक हिशोबात तेवढी दुरुस्ती करा.

आकड्यांबद्दल अजून एक, मग पुढे जातो. १० चं १२ होणं आणि १८ चं २० होणं दोन्ही '२ ने वाढलं' वाटतं, पण १००० किलोमीटरला पहिल्यात साडेसोळा लिटरच्या वर वाचतात आणि दुसऱ्यात साडेपाच. म्हणून ज्याची गाडी १० देते त्याने मागे लागणं फायद्याचं आहे, १८ देणाऱ्याने अजून एकदोन वाढवण्यासाठी पार्ट बदलत बसू नये. आणि कंपनीचा आकडा लॅबमध्ये रोलरवर, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून काढलेला असतो, त्यामुळे रोजच्या चालवण्यात त्याहून कमी येणार हे धरूनच चला. आपली तुलना आपल्याच गाडीच्या आधीच्या आकड्याशी.

मग गाडीत दोष आहे की वापरामुळे पडतंय हे ठरवायचं कसं? इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, सपाट मोकळा रस्ता, वरचा गियर, एकसारखा ८० चा स्पीड, डिस्प्लेचं अ‍ॅव्हरेज रीसेट करून १५-२० किलोमीटर एका दिशेने आणि तेवढंच परत, म्हणजे वारा आणि चढ-उतार दोन्ही कटतात. डिस्प्ले थोडा खोटा बोलतो हे मान्य, पण दर वेळी तो साधारण तेवढाच खोटा बोलतो म्हणून इथे चालतो. या टेस्टला अ‍ॅव्हरेज चांगलं आलं आणि गावात घाण येतंय तर वापराचा प्रश्न आहे, छोट्या फेऱ्या, थांबत थांबत चालणं, एसी लावून उभं राहणं. पण या टेस्टलाही कमी आलं तर गाडीत काहीतरी अडकतंय किंवा बिघडलंय, आणि मग खालचं सगळं क्रमाने बघा.

पहिलं टायरची हवा, हे पटकन उरकतो. थंड टायरला, सकाळी गाडी हलवायच्या आधी, स्टिकरवर आहे तेवढी. साइज बदललेला असेल तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही हे लक्षात ठेवा. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की १ पीएसआय कमी होते, त्यामुळे हवामान बदललं की 'गाडी परत कमी देतेय' असं वाटतं त्यात हाही वाटा असतो. एकाच चाकातली हवा दर वेळी कमी भरत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिमची कड बघून घ्या. पण हवेने जास्तीत जास्त दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, १५ ची गाडी ११ देतेय त्याचं कारण एकटी हवा असू शकत नाही. टायर एकीकडूनच घासलेला दिसला तर अलाइनमेंट, आणि आधीचा मालक ऑफरोडचे खडबडीत टायर लावून गेला असेल तर ते टायर निघेपर्यंत पूर्ण अ‍ॅव्हरेज परत येणार नाही हे मान्य करून टाका.

आता ब्रेक, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण दोन टाक्या बरं आणि मग परत तेच, या तक्रारीत हा सगळ्यात जास्त सापडतो. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर सरकतो, पिनांना ग्रीस असतं आणि वर रबरी बूट असतो. बूट फाटला की पाणी आत जातं, पिन गंजते, कॅलिपर मोकळा सरकत नाही आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी ओढल्यासारखी वाटेल असं समजू नका, हळूहळू वाढत गेलं की ड्रायव्हरला सवय होते आणि काहीच जाणवत नाही. सर्व्हिसमध्ये ब्रेक खोलून साफ करतात, पिनांना ग्रीस लावतात, चाक मोकळं होतं, अ‍ॅव्हरेज सुधारतं, पण फाटका बूट तसाच असतो त्यामुळे काही दिवसांत पाणी परत आत आणि पिन परत जाम. म्हणून नुसतं ग्रीसिंग करून घेऊ नका, बूट आणि लागली तर पिनही बदलून घ्या, आणि ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं.

घरच्या घरी तपासायचं तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं कमीत कमी ब्रेक मारत चालवा, शेवटी गाडी आपोआप हळू होऊ द्या आणि थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क किंवा ड्रमचं तापमान घ्या. हात लावू नका, जाम असेल तर चांगलंच भाजतं. पुढचे मागच्यांपेक्षा गरम असणं नॉर्मल आहे, तुलना करायची ती डावं विरुद्ध उजवं. ते साधारण सारखं यायला हवं, एक बाजू ४०-५० अंशांनी जास्त असेल तर तुमचं पेट्रोल तिथे जळतंय. पॅड काढल्यावर आतल्या आणि बाहेरच्या पॅडच्या जाडीत मोठा फरक दिसला तरी तीच खूण. पण दोन्ही बाजू सारख्याच जाम असतील तर तुलनेत सापडणार नाही, म्हणून जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवूनही बघा, गाडी सपाट जागेवर, बाकी चाकांना अडण लावून, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली वाकू नका.

पिना नवीन टाकूनही परत जाम होत असेल तर ब्रेकचा रबरी होज बघायला सांगा. जुना होज आतून फुगतो आणि एकतर्फी व्हॉल्व्हसारखा वागतो, पाय दाबला की ऑइल पुढे जातं पण पाय काढल्यावर परत यायला वेळ लागतो. बाहेरून होज एकदम चांगला दिसतो म्हणून कोणाला शंका येत नाही. ओळखायची पद्धत सोपी आहे, चाक जाम असताना कॅलिपरचं ब्लीड निप्पल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करायचं, दाब सुटून चाक मोकळं झालं तर दोष होजमध्ये किंवा वरच्या, पेडलने दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, नाही झालं तर कॅलिपरमध्ये किंवा पिनांमध्ये. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल आवरणात गंजून अडकलेली असते, लिव्हर खाली येतो पण लाइनर पूर्ण सुटत नाही, आणि जी गाडी विक्रीआधी बरेच महिने उभी होती तिच्यात तर हे आधी बघायचं.

दुसरा मोठा विषय थर्मोस्टॅट. इंजिन साधारण ८५ ते ९५ अंशांत चालायला बनवलेलं असतं. थर्मोस्टॅटमध्ये मेण असतं, ते गरम होऊन फुगलं की रस्ता उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तो उघडाच अडकला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पूर्ण तापतच नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त देत राहतो, ऑइलही घट्ट राहतं. गंमत बघा, ट्रॅफिकमध्ये उभं असताना तापमान बरोबर दिसतं आणि हायवेला वारा लागला की उतरतं, कडक उन्हात दोष लपतो आणि पावसाळ्यात, थंडीत वर येतो. अ‍ॅव्हरेज सीझनप्रमाणे येतं-जातं त्याचं हे एक मोठं कारण आहे आणि लोक उगाच पंपवाल्याला दोष देतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो जो बऱ्याच आधी विझतो, आणि काटा असला तरी तो मधल्या मोठ्या पट्ट्यात एकाच जागी ठेवलेला असतो. म्हणून साधा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा आणि मोबाइलवर कूलंट टेम्परेचर बघत हायवेला जा. ७० च्या आसपास घुटमळत असेल तर सापडलं. ईसीयूत पी ०१२८ हा बिघाडाचा कोड साठवलेला असेल तर तोही हेच सांगतोय.

सेकंड हँडमध्ये याची अजून एक वाईट आवृत्ती असते. आधी कधीतरी गाडी गरम व्हायची म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो. गरम होणं थांबतं, गाडी विकली जाते, अ‍ॅव्हरेज तुमच्या माथी. अशा गाडीत नुसता नवीन थर्मोस्टॅट बसवून निघू नका, मूळ गरम का व्हायची ते शोधा, रेडिएटर चोक आहे का, फॅन वेळेवर लागतो का, हेड गॅस्केटमधून गळती आहे का, नाहीतर अ‍ॅव्हरेज मिळेल पण इंजिन जाईल. थर्मोस्टॅट घेताना उघडण्याचं तापमान कंपनीच्या पार्टइतकंच आहे याची खात्री करा.

आता स्कॅनर लावलाच आहे तर फ्युएल ट्रिम बघून घ्या. पेट्रोल इंजिनला १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण लागतं आणि ईसीयू सायलेन्सरच्या पाइपमधल्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ते सतत दुरुस्त करत असतो, ती दुरुस्ती म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म वर-खाली नाचत राहणार, तुम्ही लाँग टर्म बघा, अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर निवांत, १० च्या पलीकडे गेला तर कारण शोधायचं. उणे १० म्हणजे कुठूनतरी जास्तीचं पेट्रोल येतंय आणि ईसीयू कमी करतोय: गळका इंजेक्टर, किंवा उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह जो टाकीतली वाफ इंजिनात सोडत राहतो. टाकी फुल केल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला कुरकुरते का बघा, ती पर्ज व्हॉल्व्हची जुनी खूण आहे. अधिक १० म्हणजे न मोजलेली हवा आत येतेय, एअरफ्लो सेन्सर मळलाय, किंवा पंपाचा दाब कमी आहे. पण अधिक ट्रिम आणि तरीही पेट्रोलचा वास, प्लग काळे, असं एकत्र दिसलं तर ऑक्सिजन सेन्सरच चुकीचं सांगतोय किंवा त्याच्या आधी सायलेन्सरचा पाइप लीक आहे, बाहेरची हवा सेन्सरला लागते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू ओतत सुटतो. यात अ‍ॅव्हरेज जबरदस्त पडतं. फक्त सायलेन्सरच्या तोंडाच्या काजळीवरून निष्कर्ष काढू नका, डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ती चांगल्या इंजिनलाही धरते.

आणि इथेच ते 'ईसीयू रीसेट केला की गाडी मस्त होते' याचं उत्तर आहे. बॅटरी काढली किंवा स्कॅनरने रीसेट केलं की शिकलेले सगळे ट्रिम शून्य होतात, कोड पुसले जातात, काही दिवस गाडी वेगळी वाटते, मग ईसीयू तेच परत शिकतो कारण दोष जागच्या जागी असतो. म्हणून कोणी रीसेट करू म्हणालं तर आधी कोड आणि ट्रिमचा फोटो काढून ठेवा. पुसल्यावर पुरावा गेला.

एअर फिल्टरबद्दल बोललंच पाहिजे, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने हे तपासलं, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोक झाला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये जवळपास फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो, त्यामुळे असं होतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यातला सल्ला अजून फिरतोय. फिल्टर वेळेवर बदला, इंजिनसाठी बदला, पण अ‍ॅव्हरेजची अपेक्षा त्याच्याकडून नको. प्लग झिजून मिसफायर होत असेल तर बदलल्याने फरक पडतो, नुसते जुने आहेत म्हणून फारसा नाही. ऑइलचा ग्रेड मात्र बघा, ५डब्ल्यू-३० च्या इंजिनात कोणी २०डब्ल्यू-५० भरलं असेल तर एक-दोन टक्के तिथे जातात.

इंधनातलं इथेनॉलही हिशोबात धरा. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणाला ३ टक्क्यांच्या आसपास आणि २० टक्क्यांना ६-७ टक्क्यांपर्यंत अ‍ॅव्हरेज कमी येणं हे नुसतं ऊर्जेचं गणित आहे, त्यासाठी गाडी खोलायची गरज नाही.

डिझेलवाल्यांनी डीपीएफकडे, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरकडे, बघावं. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल जाळून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि साफ करते. ही प्रोसेस चालू असताना आयडल थोडा चढतो, फॅन जोरात चालतो, क्षणाचं अ‍ॅव्हरेज एकदम पडतं. पाच मिनिटांच्या फेऱ्या असतील तर ती अर्धवट तुटते, परत सुरू होते, परत तुटते, आणि डिझेल नुसतं त्यातच जातं, वर काही गाड्यांत ऑइलमध्ये डिझेल उतरतं, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते, ते दिसलं तर ऑइल लगेच बदला. अधूनमधून अर्धा तास सलग हायवेला न्या. टर्बोचा होज चिरलेला असेल तर पिकअप कमी आणि काळा धूर, तो हाताला सहज सापडतो.

ऑटोमॅटिक असेल तर अजून एक. टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणारा भाग) गाडीत एकसारख्या ८० ला अ‍ॅक्सिलरेटर अगदी किंचित दाबा, स्पीड न वाढता आरपीएम दोनतीनशेने उसळला आणि दर वेळी तसंच झालं तर लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, लागत नाहीये, गिअर ऑइलची अवस्था बघून घ्या. मॅन्युअलला वरच्या गियरमध्ये चढावर जोरात दाबल्यावर आरपीएम पळतो आणि गाडी नाही, तर क्लच घसरतोय.

हे सगळं बरोबर निघालं तर मग उरतो वेग आणि वापर. एसयूव्ही उंच असते, हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० ला गेलात की तो ५६ टक्के जास्त. वर रिकामा रूफ कॅरियर असेल तर काढून ठेवा, हायवेला त्याचा फरक दिसतो. उतारावर न्यूट्रल करू नका, गियरमध्ये पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, न्यूट्रलमध्ये आयडलचं पेट्रोल जळतच राहतं, शिवाय ताबाही कमी होतो. आणि तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन गरम व्हायच्या आतच तुम्ही पोचता, त्याला कुठल्याही मेकॅनिककडे इलाज नाही, कामं एकत्र करून एकाच फेरीत उरकणं एवढंच करता येतं.

मेकॅनिककडे जाताना 'अ‍ॅव्हरेज देत नाही' एवढंच सांगू नका, कारण मग तो परत फिल्टर आणि प्लगच बदलणार. चार चाकांची तापमानं, हायवेचं कूलंट टेम्परेचर, लाँग टर्म ट्रिम आणि ८० च्या टेस्टचा आकडा कागदावर लिहून द्या. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावा, मग तीन टाक्या मोजा, मग पुढची, कारण सगळं एकदम बदललं आणि महिन्याभराने परत पडलं तर नेमकं काय बिघडलं ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.